बाणाच्या उलट दिशेनं

सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या चित्रांत बाण असतात. काळ्या शाईनं रेखाटलेल्या चेतापेशी, मुळांसारख्या पसरलेल्या त्यांच्या फांद्या, आणि त्या फांद्यांच्या कडेकडेनं इवले इवले बाण. संदेश कुठून येतो आणि कुठे जातो, ते सांगणारे. चांदीच्या क्षारानं रंगवलेले मेंदूचे काप या स्पॅनिश डॉक्टरनं पाहिले ते १८८७ मध्ये, माद्रिदला. पद्धत इटलीच्या कामिल्लो गोल्जींची, १८७३ मधली. तिची खुबी अशी की कापातल्या असंख्य पेशींपैकी मोजक्याच रंग घेतात, पण ज्या घेतात त्या टोकापर्यंत काळ्याभोर होतात. गच्च रानातलं एखादंच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत दिसावं, तसं. काहाल पुढे वर्षानुवर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. पेशीत संदेश एका बाजूनं आत येतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो, असं त्यांनी मांडलं. बाण त्यासाठी होते.

हा नियम एकेका पेशीपुरता होता. चित्र पाहणाऱ्याच्या मनात मात्र तो सहज अख्ख्या रस्त्याचा नियम होऊन बसतो: डोळ्याकडून मेंदूकडे, एकच दिशा. खुद्द काहाल यांना उलट येणारे धागे दिसले होते. पक्ष्यांच्या डोळ्याच्या पडद्यात मेंदूकडून आलेले तंतू त्यांनी पाहिले, आणि सस्तन प्राण्यांत मेंदूच्या सालीकडून, म्हणजे कॉर्टेक्सकडून, खोल आतल्या थॅलॅमसमध्ये उतरणारेही. त्यांनी ते काढून ठेवले. चित्रं जगभर गेली, आणि तरीही हे उलटे धागे करतात काय, हे कळायला एक शतक अपुरं पडलं. ते का, याचं मला फार कुतूहल आहे. कारण धागे लपलेले नव्हते. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

आधी रस्ता पाहू. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडतो, तिथल्या पेशी त्याचे विद्युत-संदेश करतात, आणि माणसाच्या एकेका डोळ्यातून सुमारे १० लाख तंतूंची जुडी मागे निघते. त्यांतले बहुतेक तंतू थॅलॅमसमधल्या एका छोट्या बाकदार पुंजक्यात थांबतात. त्याचं नाव लॅटरल जेनिक्युलेट. लॅटिनमधल्या गुडघ्यावरून पडलेलं, कारण तो दुमडलेल्या गुडघ्यासारखा दिसतो. तिथल्या पेशी संदेश उचलतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीच्या कॉर्टेक्सकडे पाठवतात. पक्ष्यांत मेंदूचे धागे थेट डोळ्यापर्यंत पोचतात. सस्तन प्राण्यांत डोळ्यापर्यंत परत जाणारे धागे फारच थोडे. म्हणजे मांजर, माकड, उंदीर, माणूस यांच्यात वरून येणारा निरोप रस्त्यात पहिल्यांदा भरघोस संख्येनं गाठ घालतो तो या गुडघ्यातच.

‘थॅलॅमस’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ घरातली आतली खोली. आपलं माजघर. विसाव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकांनी या माजघराला ‘रिले स्टेशन’ करून टाकलं. सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा आठवा. मुंबईचा कार्यक्रम उचलायचा आणि पुण्याच्या घरांत पोचवायचा, एवढंच त्याचं काम होतं. कार्यक्रमात काय आहे याच्याशी मनोऱ्याला देणंघेणं नव्हतं, आणि पुण्यातला प्रेक्षक आज काय शोधतो आहे, हे त्याला कळवणारी तारही नव्हती.

हे नाव चिकटलं, त्याला कारण होतं. १९५३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात स्टीफन कफलर यांनी मांजराच्या पडद्यातल्या पेशींची नोंद घेतली. प्रत्येक पेशीच्या वाट्याला दृश्याचा एक छोटासा गोल येतो. गोलाच्या मधोमध उजेड पडला की काही पेशी चेकाळतात, कडेला पडला की गप्प होतात. काहींचं बरोबर उलटं. कफलर यांच्याच प्रयोगशाळेत १९५८ मध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीसल यांना कॉर्टेक्समध्ये रेषा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या. काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि एक पेशी तडतडू लागली, हा किस्सा पुष्कळांनी ऐकलेला असतो. त्यामानानं त्यांचा १९६१ चा निबंध कमी लोकांना ठाऊक आहे. तो जेनिक्युलेटविषयी होता. तिथल्या पेशी जवळजवळ पडद्यातल्या पेशींसारख्याच निघाल्या: तसेच गोल, फक्त मधल्या भागाला कडेचा विरोध जरा जास्त. आता खाली गोल आणि वर रेषा असं असेल, तर खरी करामत वर होते; मधल्या ठाण्यावर फारसं काही होत नाही. तेव्हाच्या पुराव्यावरून हा निष्कर्ष रास्त होता. त्या दोघांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं, आणि डोळ्याकडून पायऱ्या चढत जाणारी दृष्टी हेच चित्र एका पिढीच्या मनात पक्कं झालं.

याच काळात रे गिलरी नावाचा शरीररचनेचा एक अभ्यासक अगदी वेगळं काम करत होता. जर्मनीत १९२९ मध्ये जन्म, नाझी काळात लहानपणीच देश सुटला, शिक्षण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, आणि १९६० च्या दशकात अमेरिकेतलं विस्कॉन्सिन. गिलरी पेशींचे संदेश ऐकत नव्हते. ते टोकं मोजत होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मांजराच्या जेनिक्युलेटचा काप ठेवला की पेशींना येऊन भिडलेली तंतूंची टोकं दिसतात. गिलरींनी त्यांच्या जाती लावल्या. मोठी, आत फिकट कण असलेली टोकं पडद्याकडून आलेली. लहान, गडद कणांची टोकं बरीचशी वरून, कॉर्टेक्सकडून. तिसरी, चपट्या पिशव्यांची, संदेश दाबून टाकणाऱ्या पेशींची. १९६९ मध्ये त्यांचे निबंध आले. मोजणीत उघड झालं की डोळ्याकडून आलेली टोकं या पुंजक्यात अल्पसंख्य आहेत. पुढच्या मोजण्यांनी हा आकडा आणखी खाली आणला: टोकं पेशींना जिथे भिडतात त्या एकूण सांध्यांपैकी ५ ते १० टक्के. कॉर्टेक्सकडून येणारे साधारण ३० टक्के. बाकीचे शेजारच्या दाबणाऱ्या पेशींचे आणि मेंदूच्या देठाकडून आलेले.

मला हा क्षण या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याची हवी तेवढी वाहवा कधी झाली नाही. ज्या ठाण्याचं एकमेव काम डोळ्याची डाक पुढे पाठवणं आहे असं आपण म्हणतो, तिथे येणाऱ्या दर दहा पत्रांतलं जेमतेम एक डोळ्याचं. मग उरलेली नऊ कुणाची, आणि कशासाठी?

१९७५ मध्ये चार्ल्स गिल्बर्ट आणि जेम्स केली यांनी वरच्या पत्रांचा पत्ता शोधला. मोहरीच्या कुळातल्या एका तिखट मुळापासून मिळणारं विकर त्यांनी मांजराच्या जेनिक्युलेटमध्ये टोचलं. हे विकर तंतूच्या टोकातून शिरतं आणि उलट प्रवास करत मूळ पेशीपर्यंत जातं. मग रसायनानं ते रंगवता येतं. रंगलेल्या पेशी मिळाल्या कॉर्टेक्सच्या सहा थरांपैकी सर्वांत खालच्या, सहाव्या थरात. त्या थरातल्या निम्म्याच्या आसपास पेशी खाली तंतू पाठवत होत्या. रेषा ओळखणारं हेच कॉर्टेक्स, आणि तेच आपल्याला माल पुरवणाऱ्या ठाण्याला सतत काहीतरी कळवतं आहे.

काय कळवतं, ते पाहायची सरळ वाट म्हणजे निरोप बंद करायचा आणि खाली काय फरक पडतो ते पाहायचं. पण कॉर्टेक्स कापून काढलं तर काही आठवड्यांत जेनिक्युलेटच्या पेशीच मरू लागतात, कारण त्यांचे स्वतःचे तंतू वर तुटलेले असतात. म्हणून थंडावा. मेंदूच्या पृष्ठभागावर थंड पत्रा टेकवायचा. पेशी गार पडल्या की गप्प होतात, ऊब दिली की पुन्हा बोलू लागतात. १९७० मध्ये रोनाल्ड कलिल आणि रिचर्ड चेस यांनी मांजरांवर हा प्रयोग केला, माकडांवरही असे प्रयोग झाले. निकाल गोंधळात टाकणारे. काही पेशींचा प्रतिसाद वाढला, काहींचा घटला, पुष्कळांवर ढिम्म परिणाम नाही. एवढ्या दाट जाळ्याचा असर एवढा पुसट कसा? उलट्या धाग्यांना बहुधा फारसं काम नसावं, असं म्हणून कित्येकांनी विषय बाजूला ठेवला.

आज मागे वळून पाहताना दोन गोष्टी टोचतात. ही सगळी मांजरं भुलीखाली होती. जनावराला वेदना होऊ नयेत आणि डोळा हलू नये म्हणून भूल हवीच. तिच्याशिवाय हे प्रयोग करणं निर्दयपणा ठरला असता. या ज्ञानासाठी त्या मुक्या जिवांनी जे दिलं, त्याची आठवण ठेवूनच हे लिहितो आहे. पण शोध होता तो वरून येणाऱ्या निरोपाचा, आणि निरोप पाठवणारंच भुलीनं गुंगलेलं. दुसरी गोष्ट म्हणजे दाखवायचं काय? पडद्यावर उजेडाचे ठिपके. ठिपक्यात कॉर्टेक्सला ओळखण्यासारखं काही नसतं. रेषा ओळखणाऱ्याला रेषा दाखवलीच नाही, तर त्यानं काय कळवावं?

हे दुसरं कोडं १९८७ मध्ये पेनी मर्फी आणि अ‍ॅडम सिलिटो यांनी सोडवलं. त्यांनी मांजराला ठिपक्याऐवजी उजेडाच्या पट्ट्या दाखवल्या, आखूडपासून लांबपर्यंत. जेनिक्युलेटच्या पेशी आखूड पट्टीला जोरात प्रतिसाद देत, पट्टी लांबत गेली की मंदावत. पट्टीची लांबी कळणं ही तोवर वरच्या मजल्यावरची विद्या समजली जात होती, आणि इथे ती खालच्या ठाण्यावर सापडली. मग त्यांनी कॉर्टेक्सचा संबंध काढून टाकला. मंदावणं बरंच ओसरलं. म्हणजे ही विद्या खाली होती खरी, पण तिचा मोठा वाटा वरून आलेला होता. १९९४ मध्ये सिलिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एकच सरकती रेषा जेनिक्युलेटच्या दोन पेशींच्या हद्दीतून गेली, तर दोघी एका तालात तडतडतात. कॉर्टेक्स नसेल तर ताल सुटतो. एका पेशीला दुसरीची रेषा दिसत नाही. ही एकच रेषा आहे, हे त्यांना वरून कळलेलं असतं.

एव्हाना मेंदूच्या बाहेरचे लोकही या धाग्यांकडे वळले होते. डीएनएच्या रचनेचे एक जनक फ्रान्सिस क्रिक कॅलिफोर्नियात मेंदूचा अभ्यास करत होते. थॅलॅमसवर पातळ चादरीसारखा एक थर पसरलेला असतो. त्यातल्या सगळ्या पेशी दाबणाऱ्या. वर जाणारे आणि खाली येणारे, दोन्ही दिशांचे तंतू या चादरीतून जाताना तिला फांद्या देऊन जातात. १९८४ च्या निबंधात क्रिक यांनी सुचवलं की थॅलॅमस हे कॉर्टेक्सचं दार असेल, तर ही चादर त्या दाराची राखण करणारी असावी. आपण लक्ष देतो तेव्हा प्रकाशझोत फिरवणारा हात तो हाच.

१९९१ आणि १९९२ मधले दोन निबंध तर एका गणितज्ञाचे. डेव्हिड मम्फर्ड, १९७४ चे फील्ड्स पदकाचे मानकरी. मुंबईशी त्यांचं जुनं नातं आहे. १९६७-६८ मध्ये त्यांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बीजीय भूमितीवर व्याख्यानं दिली, आणि सी. पी. रामानुजम यांच्या साहाय्यानं त्यांचं जे पुस्तक झालं ते त्या विषयात आजही वाचलं जातं. पुढे ते मेंदूकडे वळले आणि त्यांनी मांडलं की थॅलॅमस हा कॉर्टेक्सचा फळा आहे. समोरच्या जगाबद्दलचा आपला उत्तमात उत्तम अंदाज कॉर्टेक्स त्यावर लिहीत, पुसत, सुधारत राहतं. आयुष्य फळ्यासमोर गेलेल्या माणसालाच ही उपमा सुचावी. वरून खाली अंदाज यावा आणि खालून वर फक्त अंदाज चुकल्याची खबर जावी, असा तो विचार. राजेश राव आणि डेना बॅलार्ड यांनी १९९९ मध्ये त्याच धर्तीचं दृष्टी-कॉर्टेक्सचं गणिती प्रारूप करून दाखवलं. आपण पाहतो ते नकळत केलेलं अनुमान असतं, असं हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ एकोणिसाव्या शतकातच म्हणाले होते. त्या अनुमानाला आता पेशींतला पत्ता मिळू लागला होता.

तरी मूळ प्रश्न उभाच होता: दहातली नऊ पत्रं दुसऱ्यांची, मग पेशी बोलते ते डोळ्याचंच कसं? मरे शर्मन आणि गिलरी यांनी १९९८ मध्ये त्याचं उत्तर दिलं. सगळे सांधे एका जातीचे नसतात. काही चालक, काही घडण बदलणारे. सतारीवर उजवा हात तार छेडतो. डाव्या हाताचं बोट तार ओढून स्वर खालीवर करतं. नुसत्या डाव्या हातानं मैफल होत नाही, पण राग ऐकू येतो तो त्याच्यामुळे. डोळ्याचे सांधे थोडे, पण छेडणारे. कॉर्टेक्सचे पुष्कळ, पण ते पेशीचा कल बदलतात. कॉर्टेक्सच्या निरोपानं थॅलॅमसची पेशी तुटक झटक्यांनी बोलणं सोडून सलग, इमानी प्रतिसाद देण्याकडे वळते, हे डेव्हिड मॅकॉर्मिक आणि मार्कुस फॉन क्रोसिक यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं. थंड पत्र्याखाली असर पुसट का दिसला, ते यातून उमगतं. प्रयोग करणारे आवाज थांबतो का ते पाहत होते; बदलत होता तो स्वर.

भुलीचं कोडं सुटायला जागी माणसं आणि जागी माकडं लागली. २००२ मध्ये प्रिन्स्टनच्या साबिने कास्टनर आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या जेनिक्युलेटचं एमआरआयनं चित्रण केलं. नजर मधोमध खिळलेली, लक्ष मात्र एका बाजूला. जिकडे लक्ष, तिकडचा प्रतिसाद वाढला; जिकडे दुर्लक्ष, तिकडचा घटला. आणि मला सर्वांत हलवून गेलेली गोष्ट ही: अजून काहीही दिसलेलं नसताना, नुसती वाट पाहत असतानाही तिथली हालचाल वाढलेली होती. पावसाळ्यात एसटी स्टँडवर उभं राहून गर्दीतून आपल्या माणसाची छत्री शोधताना हेच होत असणार. छत्री यायच्या आधीच डोळ्यामागची ती पहिली चौकी तिच्यासाठी सजग झालेली असते.

२००८ मध्ये रॉबर्ट वुर्ट्झ यांच्या बेथेस्डामधल्या प्रयोगशाळेत केरी मॅकअलोनन यांनी जाग्या माकडांच्या एकेका पेशीची नोंद केली. माकडानं लक्ष दिलं की जेनिक्युलेटच्या पेशी जोरात, आणि वरच्या त्या दाबणाऱ्या चादरीतल्या पेशी मंद. क्रिक यांनी प्रकाशझोत कसा चालत असेल याचा सांगितलेला तपशील जसाच्या तसा उतरला नाही. पण दार होतं, आणि दारावर पहारा होता. ते पाहायला क्रिक नव्हते. २००४ मध्ये ते गेले.

त्यानंतर हत्यार बदललं. एका हिरव्या शेवाळातलं, प्रकाश पडताच उघडणारं प्रथिन चेतापेशीत बसवायची युक्ती २००५ मध्ये आली. आता थंड पत्र्यानं अख्खा भाग गप्प करायची गरज उरली नाही. फक्त सहाव्या थराच्या, फक्त खाली तंतू पाठवणाऱ्या पेशी निवडायच्या, आणि प्रकाशानं त्या चेतवायच्या किंवा शांत करायच्या. २०१२ मध्ये सॅन दिएगोत मास्सिमो स्कान्झियानी यांच्या गटानं उंदरांत ते केलं. सहावा थर चेतवला की कॉर्टेक्सच्या वरच्या थरांतला प्रतिसाद खाली येई, शांत केला की वर जाई. रेषेची पसंती मात्र तीच राही. आवाजाची खुंटी फिरावी, गाणं बदलू नये, तसं. पाच वर्षांनी फॅरन ब्रिग्ज आणि जे. मायकेल हॅसी यांनी फेरेट या मुंगसाच्या बांध्याच्या प्राण्यात हेच धागे प्रकाशानं चेतवले, तर जेनिक्युलेटच्या पेशी लवकर प्रतिसाद देऊ लागल्या आणि त्यांचे गोल आकसले. नजर धारदार व्हावी तसे.

एका प्रयोगात धागे दाबतात, दुसऱ्यात धार लावतात. हा मतभेद कुणाच्या चुकीचा नव्हे. प्राणी वेगळे, चेतवण्याची तऱ्हा वेगळी, दृश्यं वेगळी. पण ते शेवटचं, दृश्याचं, फारसं कुणी तपासलं नव्हतं. मर्फी आणि सिलिटोंनी ठिपक्याच्या जागी पट्टी आणली होती. त्यानंतरही बहुतेक प्रयोगांत पट्ट्यापट्ट्यांची जाळीच चालू राहिली. २०२२ मध्ये म्युनिकच्या लाउरा बुसे यांच्या गटानं उंदरांना चित्रपटाचे तुकडे दाखवले. खऱ्या जगाची हालती चित्रं. उंदीर जागे, हवं तेव्हा धावायला मोकळे, आणि कॉर्टेक्सचा निरोप प्रकाशानं मधूनमधून थांबवलेला. पट्ट्या दाखवल्या तेव्हा निकाल १९७० सारखाच मिश्र: कुठे वाढ, कुठे घट. चित्रपट चालू असताना मात्र एकमत झालं. वरचा निरोप चालू असला की जेनिक्युलेटचा प्रतिसाद भरदार आणि सलग, थांबला की क्षीण आणि तुटक.